पहाऱ्यातला धडा

हरिनाम सप्ताहाचा नेम साधा असतो. सात दिवस देवळात नाम अखंड चालायचं. वाडीतली घरं आळीपाळीने पहारा घेतात, आणि पुढच्या घराने टाळ हाती घेतल्याशिवाय आधीच्याने तोंड मिटायचं नाही. मिटलं, की सप्ताह मोडला.

मसुऱ्याकडच्या त्या वाडीत सलोनीच्या घरचा पहारा नेमका दुपारचा आला, आणि दुसऱ्या दिवशी तिचा दहावीचा विज्ञान भाग दोनचा पेपर. बाप गुरुदास बोटीवर गेलेला. तेव्हा पहाऱ्याला ती आणि आई सुगंधा, दोघीच.

पूर्वपरीक्षेत सलोनी याच विषयात नापास झाली होती. पुनरुत्पादनाचा धडा सरांनी खाली मान घालून उलटला होता. "हा घरी वाचून घ्या." घरी वाचला, पण डोळ्यांनी वाचलेलं तिच्या डोक्यात टिकतच नसे. टिकायचं ते कीर्तन. बुवांचं अख्खं आख्यान एकदा ऐकलं की हुंकारासकट पाठ! आता पुन्हा नापास, तर कणकवलीचं कॉलेज गेलं आणि नर्स व्हायचंही गेलं.

समईकडे बघत ती नाम म्हणत होती. म्हणता म्हणता तिने देवाला मनातल्या मनात हात जोडले आणि त्याच चालीवर धडा गायला घेतला.

"अंडाशयातुनी सुटे अंडपेशी, हरी बोला,
अंडनलिकेत भेटे तिला शुक्रपेशी, हरी बोला!"

सुगंधा दचकली. पण तिचा टाळ थांबला नाही. शेजारी साथीला बसलेली जानकीकाकी पुढे वाकली. "थंय भेटतत? माका वाटलां पोटात! तीन झाली तरी माका ठाऊक नाय बघ."

तेवढ्यात जानकीकाकीचा नवरा सत्यवान, देवस्थानचा मानकरी, तरातरा आत आला. "गो सलोनी! देवासमोर ह्यां काय लावलंस? बंद कर आधी!"

बोलायला थांबावं तर नाम तुटणार. मग सलोनीने उत्तरही चालीतच दिलं.

"काल बुवांनी गर्भवास सांगितला, हरी बोला,
काकांनी डोळे पुसले, हरी बोला!
तोच जीव, तीच वाट, हरी बोला,
नावं घेतली तर विटाळ कसला, हरी बोला!"

खांबाशी बसलेल्या बाया पदरात हसल्या. सत्यवानाचे कान लाल झाले.

"मी सांगतंय, थांब!"

"थांबतो की, भावजी," सुगंधा टाळ वाजवतच म्हणाली. "तुमी टाळ घेवा नि नाम धरा. मगे आमी गप."

तिने टाळ पुढे केला. सत्यवानाचा हात काही पुढे आला नाही. वर्षानुवर्षं त्याने पहारे लावले होते. धरलेला एकही नव्हता. देव समोर बघत होता, आणि सगळ्या बायाही.

सलोनीचा आवाज आता चढला. दोन पेशी मिळून युग्मनज झाला, गर्भाशयात रुजला, अपरेतून म्हणजे वारेतून आईचं रक्त त्याला पोसू लागलं. बुवा कथा रंगवतात तशी ती थांबे, डोळे मिटी, पुढचं आठवलं की डोलत पुढे जाई. अडकली एकदाच. बाया "हरी बोला" म्हणत राहिल्या, तोवर तिला सुचलं.

"आईपाशी एक्सच एक्स, हरी बोला,
वाय तो बापाच्याच पदरी, हरी बोला!
मुलगा की मुलगी, हरी बोला,
ठरे ते बापाकडुनी, हरी बोला!"

जानकीकाकीचे हात मध्येच थांबले. तिन्ही मुलींच्या वेळी सासरी तिने काय काय ऐकलं होतं, ते वाडीला ठाऊक होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो दाराकडे वळून चपला शोधू लागला.

"सलोनी," ती म्हणाली, "ती बापाची ओळ परत म्हण गो."

सलोनीने म्हटली.

"परत. उद्या पेपरात इसारशीत."

पुढच्या घरची माणसं पायऱ्या चढून आली, टाळांना हात लावायला वाकली. जानकीकाकीने त्यांना हातानेच थोपवलं.

"जरा थांबा रे. पोरीचो अभ्यास होवक होयो."

आणि सलोनीने ती ओळ पुन्हा, देऊळ दणाणेल अशी, उचलली.