यंत्राच्या डोळ्यात कुंकू

यंत्राला दिसतं: लाल. लाल. पांढरट. लाल.

पांढरट म्हणजे फटकी मिरची. ती दिसली की लोखंडी हात खाली येतो, तिला चिमटीत धरतो, टोपलीत टाकतो. हात रुचीनं बनवलेला. हातावरचा कॅमेराही तिनंच बसवलेला.

ज्ञानचंद शेठ, दोंडाईच्याचे मिरचीवाले. रुचीचे वडील.

"माझ्यासमोर एक ढीग निवडून दाखव. एकही फटकी राहिली नाही तर जळगावच्या यंत्रस्पर्धेला जायला टेम्पो तुझा. राहिली तर स्पर्धा विसर."

बटण दाबलं.

यंत्राला दिसतं: लाल. लाल. लाल. लाल.

हात जागचा हलेना. ढिगात तर फटक्या डोळे मिचकावत होत्या.

माल बघायला आलेले गफूरभाई खुर्ची ओढून बसले. "शेठ, हे आमच्या जावयासारखं आहे. ताटात पडेल ते पसंत."

रुचीनं वायरी चाचपल्या. मग लॅपटॉपवर कॅमेऱ्याचं चित्र उघडलं. भिंत लाल. पप्पांचा पांढरा सदरा लाल. गफूरभाईंची दाढीसुद्धा.

ती वाकली. कॅमेऱ्याच्या काचेवर ओलं कुंकू. वर तांदळाचे दोन दाणे.

"मम्मी..."

"नवीन मशीन, बिनपूजेची कशी चालू करायची?" धनकुंवर म्हणाली. "तू अंघोळीला गेलीस, तेवढ्यात उरकली. कपाळाला टिळा लावला."

"ते कपाळ नाही. डोळा आहे."

"एकच डोळा?"

"एकच."

"मधोमध आहे, मग कपाळच वाटणार."

रुचीनं रुमाल काढला.

"पुसायचा नाही. निघायच्या आधी टिळा पुसतात का कोणी?"

पप्पांनी घड्याळ पाहिलं. रुमाल हवेतच राहिला.

(इथे यंत्राला काहीच विचारू नये. त्याला रुमालही लालच दिसतोय.)

"मम्मी, देरासरात तू देवाला नऊ अंगी टिळे लावतेस."

"रोज."

"डोळ्याला लावतेस?"

धनकुंवरचे ओठ हलले. अंगठा, गुडघा, मनगट, खांदा... ती मनातल्या मनात वरपर्यंत गेली.

"डोळ्याला नाही," ती म्हणाली. मग पदराचं टोक पाण्यात बुडवून तिनं स्वतःच काच पुसली आणि टिळा यंत्राच्या खांद्यावर लावला. "आधी सांगायचं ना."

लाल. लाल. पांढरट.

हात खाली आला. टोपली भरत गेली.

हात थांबल्यावर पप्पांनी कोपरापर्यंत ढिगात हात घातला. उलथापालथ केली, शिंकले. पुन्हा शोधलं, पुन्हा शिंकले. गफूरभाईही वाकून शोधू लागले आणि तेही शिंकले. फटकी मिळेना.

"बाकी काही म्हणा शेठ, पोरीचं मशीन शिंकत नाही," गफूरभाई डोळे पुसत म्हणाले.

पप्पांनी तिसरी शिंक आवरली, नाक पुसलं आणि दाराबाहेरच्या ड्रायव्हरला हाक मारली, "वना, टेम्पो मागे घे. मशीन चढवायचंय."