जायची घोंगडी

भिवरा विणकाम चोरून शिकली. दुसरा मार्गच नव्हता.

दिनकररावांच्या ओसरीवर दुपारच्याला महिला मंडळ भरायचं आणि ओसरी सारवायचं काम भिवराकडं होतं. मंडळ गावातल्या समद्या बायांचं, असं नवीन आलेल्या ग्रामसेविकेनं चावडीवर सांगितलं होतं. गाव म्हणजे कोण ते तिनं सांगितलं नाही. ते दिनकररावांच्या पार्वतीबाईनं ठरवलं. सतरंजीवर बसतील त्या मंडळाच्या, सतरंजी झटकील ती मंडळाच्या बाहेरची. निजाम गेला, मागून हैदराबादचं राज्य गेलं, गाव मुंबईच्या राज्यात जाऊन पडलं, पण ओसरीची पायरी होती तिथंच राहिली आणि भिवरा पायरीच्या खालीच राहिली.

बायांच्या मांडीवर गिरणीची गुलाबी लोकर असायची. हात हळू चालायचे, तोंडं जोरात. भिवरा शेणाचा हात जमिनीवर ठेवून बघत बसायची. सुई टाक्यात गेली, दोरा तिच्यावरून फिरला, दुसऱ्या अंगानं निघाला. एवढंच तर होतं. जन्मल्यापासून तिनं दोराच बघितला होता. आई कासाबाई रहाटावर लोकर कातायची, बाप रायभान मागाच्या खड्ड्यात पाय सोडून घोंगड्या विणायचा. सोनपेठच्या बाजारात रायभानची घोंगडी म्हटलं की गिऱ्हाईक हात लावून बघायचं सुद्धा नाही, पैसे काढायचं.

आता तसलं काही उरलं नव्हतं. गायरानात दिनकररावांसारख्यांचे नांगर घुसले. मेंढरं काय हवेत चरणार? कळप विकला. बाजारात गिरणीची ब्लँकेटं आली, मऊ, लाल, स्वस्त, आणि रायभानच्या घोंगडीला कुणी विचारीना. मागाचा खड्डा माती टाकून बुजवला. पुढं त्याच्या डोळ्यांत मोती पडले. कासाबाई त्याच्या आधीच गेली. आणि भिवराला तिच्या नवऱ्यानं मानवतहून हाकलून दिलं, दुसरी आणली म्हणून. अंगावरच्या लुगड्यावर ती बापाकडं आली, तेव्हापासून बापलेक एका खोपटात आणि दोघांची भाकर दिनकररावांच्या शेणात.

सोनपेठला सायकलच्या दुकानात काम करणारा तिचा चुलतभाऊ आश्रुबा. त्याच्याकडून तिनं चाकाच्या दोन तारा मागून आणल्या. आश्रुबा म्हणाला, "आक्का, सायकल घ्यायलीस का काय? आज तारा नेल्यास, उद्या चाक ने, परवा मलाच ने ढकलायला." तिनं त्या दगडावर घासून घासून टोकदार केल्या, अंबाडीची सुतळी घेतली आणि वीतभर पट्टी विणली. रायभाननं ती चाचपली आणि मासे धरायला चालली का म्हणून विचारलं. पण बोटं मात्र पट्टीवरून काढली नाहीत.

मार्गशीर्षात ग्रामसेविकेनं सांगितलं की परभणीला हातकामाचं प्रदर्शन भरायलाय. जिचं काम पसंत पडेल तिला सोनपेठच्या विणकाम वर्गावर मदतनीस म्हणून घेतील. पगार, आणि राहायला खोली. पगार ऐकून ओसरीवरच्या बाया हसल्या, त्यांना काय करायचा पगार.  भिवरानं मात्र हात धुतले, पदर नीट केला आणि पार्वतीबाईपुढं जाऊन लोकर मागितली. पार्वतीबाई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"अगं, तू विणायला बसलीस तर सारवायचं कुणी?" ती हसून म्हणाली, आणि शिळी पुरणपोळी तिच्या हातावर ठेवली.

भिवरानं घरी येऊन ती पोळी बापाला दिली आणि सगळं सांगितलं. रायभाननं पोळी खाल्ली. मग म्हणाला, "वलणीवर काय हाय?"

वलणीवर घोंगडी होती. घरात लोकरीचं म्हणून तेवढंच राहिलं होतं, आणि तिला कुणी हात लावायचा नसतो. रायभानच्या घराण्यात विणणारा माणूस एक घोंगडी आपल्यासाठी विणून ठेवायचा. ती अंगावर घ्यायची नाही, अंथरायची नाही, विकायची तर नाहीच. मेल्यावर तिच्यात गुंडाळून त्याला न्यायचं. जायची घोंगडी म्हणायचे तिला. रायभानचा बाप तसा गेला, आजा तसा गेला. ह्या घोंगडीचं सूत कासाबाईनं कातलेलं. काळं अंग, काठाला दोन पांढरे पट्टे, आणि दोन्हींच्या मधून एक तांबूस दोरा. कासाबाई लग्नात माहेरची एक तांबडी मेंढी घेऊन आली होती, तिची ती लोकर.

"काढ तिला," रायभान म्हणाला.

"बा, डोकं फिरलं का तुमचं?"

"मी अजून मेलो न्हाई. मेल्यावरची चीज जित्यापणी कामाला आली तर काय बिघडलं? माझ्या मापाचं स्वेटर कर. परभणीला दाखव, मुंबईच्या सरकारला दाखव. पण माघारी आण. मी तेच घालून जाईन. सूत तर तुझ्या आईचंच हाय."

भिवरा हलली नाही. तेव्हा आंधळा म्हातारा स्वतः उठला, भिंत धरून वलणीपाशी गेला, घोंगडी ओढून मांडीवर घेतली. बोटांनी काठ चाचपत चाचपत तो एका कोपऱ्याला आला. घोंगडी विणताना शेवटचा दोरा त्यानं जिथं दाबला होता ती जागा त्याच्या बोटांना ठाऊक होती. नखानं त्यानं तो दोरा उचलला आणि ओढला. आपण विणलेलं आपणच उसवायला बसला. भिवरानं दोरा हातावर गुंडाळून घेतला.  उन्हं कलताना बसले ते कोंबडा आरवेपर्यंत.

सूत चिंचोक्याच्या खळीनं कडक झालेलं होतं. तिनं रिठ्याच्या कढत पाण्यात ते भिजवलं तेव्हा खोपटात ओल्या मेंढरांचा वास भरला, आणि रायभान मान वर करून हुंगत राहिला. तिनं लडींना दगड बांधून दोरा सरळ केला. मग विणायला बसली. तिच्याजवळ नमुना नव्हता, शिकवणारी नव्हती. तिनं आईबापाची घोंगडीच डोळ्यांपुढं धरली. काळं अंग, खाली दोन पांढरे पट्टे, मधून तांबूस दोरा. बाह्या वाकड्या झाल्या, उसवल्या, पुन्हा केल्या. बापाच्या हाताला, छातीला लावून माप बघितलं. छाती राहिलीच नव्हती, बरगड्याच होत्या.

झालं त्या दिवशी तिनं ते त्याला घातलं आणि उन्हात बसवलं. तो खांदे हलवायला लागला.

"टोचायलंय," तो म्हणाला. "तुझी आई बी अशीच होती."

आणि हसला. भिवरानं बापाला इतक्या दिवसांत हसताना बघितलं नव्हतं. तिला वाटलं, आता सगळं चांगलं होईल. बाईमाणसाला असं वाटावं म्हणूनच तर दुनिया टपून बसलेली असते.

ग्रामसेविकेनं स्वेटर उलटंपालटं करून बघितलं आणि लगेच घेतलं. भिवरानं तिला बजावलं, हे माझ्या बाचं हाय, दाखवून माघारी द्या. ती पोर हो हो म्हणाली. परभणीच्या एसटीत जागा मंडळाच्या बायांपुरत्याच होत्या. भिवरा मोटारीच्या धुळीत उभी राहिली आणि नंतर सारवायला गेली.

बाया परतल्या त्या हरखून. पार्वतीबाईनं भिवराला आपण होऊन हाक मारली. सगळ्यांत तुझंच काम आवडलं म्हणून सांगितलं. मुंबईचे कुणी मोठे पाहुणे आले होते, त्यांच्या बायकोनं ते तिथंच अंगात घातलं, तिला थंडी वाजत होती. मग काढून मागायचं कसं? दिनकररावांनी हात जोडून ते मंडळाच्या वतीनं भेट दिलं. टाळ्या पडल्या. वर्गावरची जागा पार्वतीबाईच्या भाचीला मिळाली, कारण जागा सभासदालाच द्यायची होती.

भिवराला पहिल्यांदा जागेचं काही ऐकूच आलं नाही.

"ते माझ्या बाचं होतं, बाईसाहेब."

"अगं मग दुसरं विण. लोकर मी देते तुला. गुलाबी हाय, पिवळी हाय."

"ते त्याच्यासंगं जायचं होतं."

पार्वतीबाईला हे कळलं, कारण तिचा चेहरा उतरला. पण ओसरीच्या आतल्या अंगाला पान लावत बसलेल्या दिनकररावांना वेगळंच कळलं.

"मातीतच घालायचं होतं ना? ते मुंबईला गेलं. नशीब म्हण," ते म्हणाले, आणि पानाला चुना लावला.

भिवरानं बापाला खोटं सांगितलं. स्वेटर परभणीलाच ठेवून घेतलंय, लोक बघायला येतात, उद्या परवा येईल. रायभान रोज विचारायचा. मोटार वाजली की मान वळवायचा. गोधडी पांघरून भिंतीला बसायचा आणि मोकळ्या वलणीवरून हात फिरवून यायचा. पौष सरला, माघातलं वारं बोचायला लागलं, म्हातारा खोकायला लागला. शेवटी एका सकाळी आश्रुबाच त्याच्यापुढं बोलून गेला की आक्काचं स्वेटर आता मुंबईची बाई घालून हिंडत असंल.

रायभाननं लेकीला हाक मारली. तो रागावेल म्हणून ती घाबरली होती. तो रागावला नाही.

"मग मी कशात जाऊ?" त्यानं विचारलं.

 त्यानं पुन्हा विचारलं नाही. त्याच्यानंतर तो जेवणही नीट जेवला नाही.

माघ संपायच्या आत रायभान गेला, पहाटेच्या गारठ्यात. सकाळी भावकी जमली. पाणी घातलं. एका म्हाताऱ्यानं नेहमीच्या सवयीनं सांगितलं, जायची घोंगडी काढा. सगळे वलणीकडं बघायला लागले. मग भिवराकडं. ती उठली आणि तशीच दिनकररावांच्या घरी गेली. काय मागायला गेली ते तिचं तिलाच माहीत नव्हतं. पार्वतीबाई ओसरीवर आली, तिला बघून रडली. खरंच रडली. आणि आतून कोरं करकरीत ब्लँकेट आणून दिलं, लाल, गिरणीचं.

भिवरा ते घेऊन आली. माणसांनी ते रायभानवर घातलं, काठ खाली दाबले. भिवरा बघत होती. मग एकदम पुढं झाली आणि ब्लँकेट ओढून काढलं.

"ह्याच्यात न्हाई," ती म्हणाली. "ह्यानंच मारलंय त्याला."

 आश्रुबा तिच्याजवळ आला, खालच्या आवाजात म्हणाला, "मग उघडाच न्यायचा का आक्का?"

तिनं घरभर बघितलं. फाटकी गोधडी होती, तिचं लुगडं होतं. लेकीचं लुगडं बापावर घालता येत नाही. ती बाजूला झाली. आश्रुबानं ब्लँकेट उचलून पुन्हा घातलं. सोनपेठच्या बाजारात ज्याची घोंगडी लोक हात लावून न बघता घेत, तो माणूस गिरणीच्या लाल ब्लँकेटात गेला. पहिली मूठभर माती टाकायला दिनकररावही आले होते.

शिमग्याच्या आसपास ग्रामसेविका खोपटावर आली. मुंबईच्या बाईनं पत्र पाठवलंय, तिच्या मैत्रिणींना तसलीच चार हवीत, तोच काळा रंग, तेच पट्टे, पैसे चांगले देईल. भिवरा म्हणाली, सूत कुणी कातायचं? ग्रामसेविका म्हणाली, बाजारात काळी लोकर मिळते की. भिवरा उठून आत गेली. ती पोर आल्या वाटेनं परत गेली.

दुसऱ्या दिवशी ओसरी सारवून झाल्यावर भिवरा सोनपेठला गेली. आश्रुबा चाक उलटं धरून बसला होता. तिनं दोन्ही तारा त्याच्यापुढं ठेवल्या.

"लाव एखाद्या सायकलीला. मला नको ह्या."

आश्रुबानं तारा उचलल्या, उजेडाकडं धरल्या, टोकांवरून बोट फिरवलं.

"तू ह्यांची डोकीच घासून टाकलीस आक्का," तो म्हणाला. "आता ह्या चाकाला बी चालायच्या न्हाईत."