गोळीबंदी

माझ्या थोरल्या भावाला, चंदरदादूसला, आठ बोटं आहेत. मे महिन्यापर्यंत दहा होती. त्यातली दोन बोटीवरच्या, जाळं ओढायच्या विंचमध्ये गेली. विंच मी चालवत होतो. मी जागा होतो असं माझं म्हणणं होतं. बोटीवरच्या बाकी पाच जणांचं मत वेगळं पडलं.

कारण गोळ्या. गेल्या ऑगस्टमध्ये ओल्या फळीवरून घसरून माझी कंबर गेली होती. दुखण्यावरच्या गोळ्या मिळाल्या, दहा दिवसांच्या. मी त्या नऊ महिने खाल्ल्या. कंबर महिन्याभरातच बरी झाली होती, पण ते मी कुणाला कळू दिलं नाही.

दोन बोटं गेल्यावर दादूसनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं हातही उगारला नाही. हाताला पट्टी बांधून आला आणि एवढंच बोलला, "एक ऑगस्टला बोट समिंद्रात जाईल. तवर गोळी सुटली तर तू बोटीवर. न्हाय सुटली तर जलमभर जमिनीवर रव्हायचं."

मुरुडच्या कोळीवाड्यात याच्यापुढे शिक्षा नाही. जमिनीवर म्हणजे लॉजमध्ये पर्यटकांच्या बॅगा उचलायच्या आणि त्यांना सांगायचं, हो साहेब, सुरमई ताजी आहे.

डॉक्टर काशिफाबाईंनी सांगितलं होतं, गोळी हळूहळू कमी करायची. दादूसला ते पटलं नाही. एक जूनला मासेमारी बंद होते ती जुलै संपेपर्यंत, आणि त्याला दुनियेत हा एकच कायदा नीट कळतो.

"बंदी म्हंजे बंदी," तो म्हणाला. "सरकार काय सांगतं काय, पैल्या हप्त्याला अर्धी जाळी टाका, दुसऱ्या हप्त्याला पाव टाका?"

सगळ्या कोळीवाड्यानं मान डोलावली. मलाही पटलं. नऊ महिन्यांत मला पटलेली ही पहिली शहाणपणाची गोष्ट, आणि नेमकी तीच चुकीची निघाली.

एक जूनला दादूसनं माझ्या सगळ्या गोळ्या खाडीत ओतल्या आणि मला बोटीच्या बर्फाच्या खणात घातलं. बोट किनाऱ्यावर ओढलेली, वर निळी ताडपत्री, खण रिकामा. झाकण लावून तो त्यावर जाळं सांधत बसला.

पहिल्या दिवशी जांभया आल्या. जबडा निखळून पडेल अशा. नाकातून, डोळ्यांतून आणि जिथून जिथून माणसातून पाणी निघू शकतं तिथून तिथून पाणी निघालं. दुसऱ्या दिवशी पाय फितूर झाले. अंगाला जोडलेले होते, पण लाथा आपल्या मनानं मारायचे. मी त्यांना समजावलं. मग बुक्के मारले. शेवटी उजव्या पायाला चावलो, तेव्हा त्यानं माझ्या हनुवटीखाली अशी हाणली की डोकं फळीवर आपटून रक्त निघालं. पाय माझाच, तक्रार कुठे करणार?

दुपारी दादूसनं झाकण उघडून पेजेचं पातेलं खाली दिलं. "गण्या, दोन घोट घे रं."

मी पातेलं त्याच्या तोंडावर हाणलं. त्याचा पुढचा दात माझ्या मांडीवर येऊन पडला. मी वर झेपावलो आणि त्याचा गळा आवळला. दादूस माझ्या दुप्पट आहे, पण आठ बोटांनी गळा सोडवायला वेळ लागतो, आणि हे मला माहीत होतं. तरी गप्प बसलो नाही. म्हणालो, "दहाच्या दहा जायला पायजे होती तुझी!"

तेव्हा त्यानं मारलं. पहिली नाकावर, दुसरी कानावर, पुढच्या मी मोजल्या नाहीत. मारताना तो रडत होता आणि दात पडल्यामुळे त्याच्या शिव्यांतून नुसती हवा जात होती. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मे महिन्यापासून आम्ही दोघं पहिल्यांदाच एकमेकांशी बोलत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला झटका आला. मला त्यातलं काहीच आठवत नाही. दादूस सांगतो की मी ताठ झालो, मग फळीवर थाडथाड आपटायला लागलो, तोंडाला फेस आला आणि ओठ निळे पडले. तो चपला न घालता दवाखान्यात पळाला.

काशिफाबाई शिडी लावून बोटीवर चढल्या. एक माणूस दात पडलेला, गळ्यावर नखांचे ओरखडे. दुसरा नाक सुजलेला, फेसानं भरलेला. त्यांनी विचारलं, "यातला पेशंट कोण?"

मग त्या दादूसवर उलटल्या. "चंदरभाई, एकदम बंद करायला कोणी सांगितलं होतं?"

"सरकारनं," दादूस म्हणाला.

"या अल्ला! अहो, ही गोळी एकदम तोडली की असा झटका येतो. जीव गेला असता पोराचा. दर आठवड्याला थोडी थोडी कमी होईल, मी लिहून देते तशी. आणि याला पुन्हा कोंडलंत तर पोलिसांना मी स्वतः घेऊन येईन."

म्हणजे अर्धी जाळी, मग पाव जाळी.

गोळ्यांची पट्टी आयकडे ठेवायची ठरली. सोनाबाई, आमची आय, बाजारात मासळी विकते, भल्याभल्यांचं ऐकत नाही. पण दुसऱ्या आठवड्यात गोळी कमी झाली आणि मी तिच्याकडे अर्धी जास्त मागितली. ती नाही म्हणाली. मी तिचं मनगट पिरगाळलं. कट् असा आवाज आला. तिनं मूठ उघडली. मी गोळी उचलली आणि तिच्यासमोरच गिळली.

दादूसला तिनं सांगितलं की धुण्याच्या दगडावर घसरले. "माझी नजर कमी झायली, पट्टी तूच ठेव," म्हणून पट्टी त्याच्या हवाली केली. त्यानंतर दादूसच्या खिशातून रोज ठरलेली गोळी यायची. मी कधी दारावर डोकं आपटायचो, कधी त्याच्या अंगावर धावून जायचो, तो मला जमिनीवर दाबून धरायचा. जुलै संपला तेव्हा मी पाव गोळीवर आलो होतो. अजून तीन आठवडे बाकी होते.

एक ऑगस्टला सगळा कोळीवाडा किनाऱ्यावर. दादूस माझ्याकडे बघत म्हणाला, "पाव म्हंजे सुटली न्हाय."

"न्हाय," मी म्हणालो.

"मंग पुढच्या फेरीला बघू. आठ दिसांनी येतो." त्यानं खिशातून पट्टी काढली आणि आयपुढे धरली. आयनं ती घ्यायला डावा हात पुढे केला. उजवा, मी पिरगाळलेला, तिनं पदराखाली घेतला.

दादूसनं ते पाहिलं नाही. मी पाहिलं. आठ दिवस पट्टी तिच्याजवळ आणि घरात मी. गप्प बसलो असतो तर पुढची फेरी नक्की होती.

"तिच्याकडं देऊ नको," मी म्हणालो. "मी तिचं दुसरं मनगट पण मोडीन."

"दुसरं?" दादूस म्हणाला.

"ती दगडावर न्हाय पडली."

आय ओरडली, "गणू, गप!" पण तोवर दादूसचा गुडघा माझ्या पोटात बसला होता. मी वाळूत पडलो, त्यानं केसांना धरून उठवलं आणि पुन्हा पाडलं. खलाशी सोडवायला धावले, आयनं मधे पडून त्याच्या पाठीत मारलं, मला मारलं, सोडवायला आलेल्या एकालाही मारलं. माझी भुवई फाटली. मग दादूस धापा टाकत उभा राहिला. त्यानं पट्टी परत स्वतःच्या खिशात घातली, माझी कॉलर पकडली आणि मला पाण्यातून फरफटत नेऊन बोटीवर फेकलं.

"हा घरात रव्हायचा न्हाय," तो खलाशांना म्हणाला.

मला कामावर घेतलं नव्हतं. डिझेलच्या पिंपासारखं चढवलं होतं, फक्त पिंप हळू ठेवतात.

मुरुड मागे पडल्यावर मी विचारलं, "मी काय करू?"

"विंचला हात लावशील तर समिंद्रात घालीन." त्यानं एक लोखंडी सळई माझ्या पायाशी टाकली आणि खणातल्या बर्फाच्या लाद्यांकडे हनुवटी केली. "थोडा फोड."

मी सळई उचलली. पहिल्या घावाला लादीचे दोन तुकडे झाले. भुवईचं रक्त बर्फावर पडत होतं, मी मारत राहिलो. पहिली लादी संपली, दुसरी संपली. दिवस मावळताना मी थांबलो, कारण मारायला काही उरलं नव्हतं. आठ दिवस पुरायचा बर्फ, सगळा चुरा, आणि चुऱ्याचं दोन दिवसांत पाणी होतं.

दादूस खणाच्या तोंडाशी येऊन बघत राहिला. अजून जाळंसुद्धा टाकलं नव्हतं. त्यानं खिशातून पाव गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली, मी गिळेपर्यंत थांबला, माझं तोंड उघडायला लावून जिभेखाली पाहिलं.

मग सुकाणूवरच्या माणसाला ओरडून सांगितलं, "बोट फिरव रं. बर्फ आणाया परत जावं लागंल."