साखळीच्या टप्प्याबाहेरचे गवत

मी एक जुनी लोखंडी साखळी आहे. एकोणीसशे शहात्तर साली माणसांनी माझ्याकडून एक अन्याय करवून घेतला. त्याचा राग अजून माझ्या कड्याकड्यांत आहे.

मित्रांनो, लोहाराने मला एका गोदामाच्या फाटकासाठी घडवले. "ही आहे म्हणून मला डुलकी घेता येते," असे तिथला राखणदार म्हणे. मी चोरांना अडवीत होते. इमानाचे काम होते ते! पुढे गोदाम बंद पडले आणि भंगारातून तात्या शिंप्यांनी मला घरी आणले.

तात्यांच्या पुढच्या खोलीत शिलाईचे मशीन आणि मागे हिरवळीचा तुकडा. तिच्या कडा ते जुन्या कात्रीने कापत. त्या वर्षी हिरवळीवर पिवळे डाग पडले. तात्या रोज संध्याकाळी पाणी घालू लागले, तरी डाग वाढतच गेले.

"पाणी काय ओतताय? त्या भुरीला आवरा आधी," वहिनी, म्हणजे तात्यांची बायको, म्हणाल्या. "ती लघवीला बसते तिथलं गवत जळतं. एक माणूस वाढलं ते कमी होतं, म्हणून कुत्रीही आली!"

भुरी ही आक्कांची कुत्री. आक्का म्हणजे तात्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर त्या भावाकडे राहायला आल्या होत्या.

"कुत्रीच्या नावानं मलाच बोल, बाई," आक्का म्हणाल्या.

तात्यांनी भांडण तोडले. "सध्या बांधा तिला. महिनाअखेरीला दूधवाल्याच्या गोठ्यावर पाठवू."

"ती गेली की माझीही ट्रंक भरलीच समज."

आणि मला भुरीच्या गळ्यात अडकवले! चोर मोकळा आणि साखळी निरपराध्याला. बिचारी मला ताणून ताणून थकली. शेवटी माझ्या टप्प्यातच गोल गोल फिरायला शिकली.

एके सकाळी आक्का कुंपणाजवळ चादरी वाळत घालत होत्या. तिथे नवा डाग पडला होता, आणि कावळे माती उकरत होते.

"तात्या, तुझी टेप आण!"

"आता कसलं माप घ्यायचंय?"

"तुझ्या अकलेचं."

तात्यांनी मला पार ताणून मापले. डाग माझ्या टोकापासून कितीतरी लांब होता.

"आधीचाच असेल," वहिनी पुटपुटल्या.

"कालपरवापर्यंत इथं हिरवंगार होतं. माझी कुत्री काय पिचकारी मारते?"

तात्यांनी वाकून मूठभर गवत ओढले. कच्चा दोरा उसवावा तसा सगळा पट्टा अलगद हातात आला. खाली मुळेच नव्हती! मातीत पांढऱ्या, जाड, अर्धगोल वळलेल्या अळ्या वळवळत होत्या, तपकिरी डोक्यांच्या.

"अगंबाई, ही तर हुमणी!" वहिनी ओरडल्या. "माहेरी बागेत असायची. भुंगेरे ओल्या मातीत अंडी घालतात."

"मग इतके दिवस हे ज्ञान कुठं ठेवलं होतंस?"

"उकरून कोणी बघितलं?"

हेच तर माझे दुखणे आहे! कोणी उकरून पाहिले नाही. तात्यांनी ओल देऊन आणखी भुंगेऱ्यांना आमंत्रणच दिले होते. मग त्यांनी रोजचे पाणी थांबवले आणि माती चाळून अळ्या वेचल्या. उरलेल्या अळ्या पक्ष्यांना खाऊ दिल्या. संध्याकाळी दिव्याजवळ जमणारे भुंगेरे साबणाच्या पाण्यात टाकले आणि उघड्या जागी बी पेरले.

भुरीला सोडले. मी खुंटीवर गेले. आक्कांनी कुंपणाजवळून हाक मारली. भुरी धावत निघाली, आणि माझे टोक जिथे संपत असे तिथे येऊन थबकली. गळ्यात काही नसताना!

मित्रांनो, गवत पिवळे पडले तर आधी मुळे पाहा. एखाददुसरी अळी दिसली तर घाबरू नका, पुष्कळ दिसल्या तर लगेच कामाला लागा. पण पुरावा नसताना कोणाला बांधू नका. त्यासाठी मला तर मुळीच बोलावू नका.

आक्कांची ट्रंक पलंगाखालीच राहिली. शेवटच्या आजारात त्यांची वेणी वहिनीच घालीत. वहिनी पुढे आळीभर सगळ्यांची हिरवळ उकरून दाखवीत, पण भुरीची माफी मागायची त्यांना कधी सुचली नाही. हात कापू लागेपर्यंत तात्या मशीन चालवीत राहिले. मी खुंटीवर गंजले. भुरी मात्र मरेपर्यंत कुंपणापाशी गेली नाही. तिथे पुढे सगळ्यांत दाट गवत आले.