गोड सोडलेली झुरळं

घोडपदेवच्या चाळीत राहणारा हरेश्वर गेली बावीस वर्षं गिरणगावातली झुरळं मारत होता, आणि तीसुद्धा गोड खायला घालून. त्याच्या औषधात साखर असायची. ओट्याखाली, फ्रिजमागे, कपाटाच्या बिजागरीत चार ठिपके लावले की झुरळं पाहुण्यांसारखी यायची, पोटभर खायची आणि उताणी पडायची. "मारायचं तर प्रेमानं," असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा. औषध बदलायचं त्याच्या कधी मनातही आलं नाही.

स्वतः हरेश्वरलाही गोडाचं तितकंच वेड. रक्तातली साखर तीनशेच्या घरात, डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम दोन महिने भरेना. गोड बंद करा, नाहीतर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. हरेश्वर मनातून टरकला होता. पण बायकोने, अनुजाने, डबा कुठेही लपवला तरी त्याला तो बरोबर सापडायचा.

अशात लालबागला पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या दर्शनावहिनींचा फोन आला. "भावजी, औषध लावून आठवडा झाला. एक झुरळ मेलं असेल तर शपथ!"

हरेश्वर तणतणत गेला आणि ओट्याखाली वाकून बघत बसला. एक झुरळ आलं, त्याने ठिपक्याला मिशा लावल्या आणि तोंड फिरवून चालतं झालं. मग दुसरं, मग तिसरं. बावीस वर्षांत त्याचा इतका अपमान कुणी केला नव्हता. वहिनींनी मात्र रागातही त्याला रिकाम्या हाती पाठवलं नाही, बेसनलाडवांचा डबा दिला.

घरी पोचेपर्यंत अपमानाचा साक्षात्कार झाला होता. "अनुजा, झुरळांनी गोड सोडलं! एवढ्याशा जिवाने मनावर घेतलं, मग मला काय धाड भरलीय? सोमवारपासून साखर बंद!"

तो दिवस शुक्रवार होता. हरेश्वरने निरोपसमारंभाच्या थाटात डबा उघडला.

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकणारी त्याची मुलगी चैत्राली समोरच बसली होती. "पप्पा, झुरळांनी काहीपण मनावर घेतलेलं नाही. थोड्या झुरळांना तुझं गोड जन्मापासूनच कडू लागत असणार. बाकीची खाऊन मेली. ही उरली, ह्यांना पोरं झाली, पोरांनापण गोड नको. बावीस वर्षं तूच त्यांना निवडून ठेवलंस."

"म्हणजे एकही सुधारलं नाही?"

"एकही नाही. गोड आवडणारी सगळी मेली."

लाडू हरेश्वरच्या हातातच राहिला. "मग आपल्या घराण्यात ही आवड कशी टिकली? माझे आजोबा ह्यातच गेले, बाबापण."

"ती झुरळं पोरं व्हायच्या आधीच मरतात रे. आपल्याकडे पोरं मोठी झाल्यावर माणूस जातो. तोवर आवड पुढे गेलेली असते."

बोलता बोलता तिचा हात डब्यात गेला. तिचा हा तिसरा लाडू होता.

डॉक्टरांसमोरही हरेश्वरला एवढी भीती वाटली नव्हती. त्याने आपला लाडू डब्यात ठेवला, तिच्या हातातला काढून घेतला आणि झाकण घट्ट लावलं.

"अरे, मला कुठे शुगर आहे?"

"तुझ्या वयात मलापण नव्हती," हरेश्वर म्हणाला. लंगडत बाहेर जाऊन त्याने डबा शेजारच्या रामदासकाकांना देऊन टाकला. मजल्यावर गोडाचा तिटकारा असलेले ते एकटेच होते. गेल्याच महिन्यात त्यांना नव्वदावं लागलं होतं.