कागदाची मागची बाजू

"दिलं म्हणजे कुणाला दिलं?"

"मोठ्या बाईंना. गाव सोडून चालल्यात त्या. तिकडच्या शिंप्याला दाखवायला कोटाचं कागदी कटिंग हवं म्हणाल्या. खिळ्यावरून काढलं, दिलं." नवऱ्याने पुन्हा वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

मी अर्धा तास बटणं आणायला गेले होते. एरवी घरात इकडची काडी तिकडे न करणाऱ्या या माणसाने तेवढ्यात नेमकं हेच काम करावं!

मी शिवणकाम करते. गिऱ्हाइकाच्या मापाचा खाकी कागद कापायचा आणि त्याच्या नावाने भिंतीवर टांगायचा, म्हणजे पुढच्या वेळी माप घ्यायला नको. पण कापण्याआधी मी त्या कागदाच्या मागे लिहिते. मनात येईल ते. दोन खोल्या, चार माणसं, आणि बोलायची मुभा तिघांनाच. मी तोंड उघडलं की सासूबाईंचं डोकं दुखतं, नणंदेचा अभ्यास बुडतो आणि नवरा म्हणतो, झाली का सुरू. मग सांगायचं कुणाला, मशीनला? डोक्यात नुसता बाजार भरतो. पेन्सिलीने कागदभर खरडलं की कात्री सरळ चालते. एकदा न लिहिता कापायला बसले, तर एकाच कोटाला दोन डाव्या बाह्या कापल्या.

मोठ्या बाईंचा कागद माझी आई गेली त्या आठवड्यातला. त्यावर वरती नवऱ्याचं नाव घालून लिहिलं होतं, आई गेली आणि तुम्ही मला एका शब्दाने विचारलं नाहीत. पुढे आणखी बरंच.

धावतच गेले. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. बांधलेल्या सामानात उभ्या होत्या. मापं उतरवून घेतलीत म्हणाल्या आणि घडी माझ्या हातात दिली.

"मी वाचलं गं. वाचायला नको होतं, पण थांबता येईना." मग हळूच म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याने एकेक तुकडा उलटसुलट करून, मोजून दिला. त्यांनीही पाहिलंच असेल."

घरी येताना भीती होतीच. पण खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटत होतं. निदान आता तरी कळलं असेल.

"कागदावरचं वाचलंत?" मी विचारलं.

"त्यात काय वाचायचं? मापंच ना."

"तुमचं नाव होतं वर. मोठ्या अक्षरात."

"असेल," तो म्हणाला आणि पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरचे सगळे कागद उलटे टांगले, अक्षरं बाहेर. अकरा वर्षांचे. आज नववा दिवस. नणंद त्या कागदांसमोर बसून अभ्यास करते. नवरा तिथेच वर्तमानपत्र वाचतो. सासूबाई तेवढ्या काल म्हणाल्या, ही भिंत फार मळकट दिसायला लागलीय, एकदा रंग लावून घ्यायला हवा.