रानातला कोंबडा

निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, पेटी शिकतात, फार तर सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडतात. उदयसिंहांना मेलेल्या कोंबड्यात पेंढा भरायचा होता. न्हावा शेवाला पस्तीस वर्षं कंटेनरचे कागद तपासलेल्या माणसाच्या डोक्यात हे खूळ कुठून शिरलं, ते त्यांच्या बायकोला, सुमतीबाईंना, अजून कळलेलं नाही. मोबाइलवरचे व्हिडिओ हेच गुरू आणि पनवेलच्या फ्लॅटची मागची बाल्कनी हीच शाळा.

एक नियम मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून पाळला होता. जंगलातल्या पाखराला हात लावायचा नाही, तो गुन्हा आहे. म्हणून सोसायटीच्या बागेत कामाला येणाऱ्या डोंगरापायथ्याच्या नेरे गावातल्या शुक्राला त्यांनी सांगून ठेवलं, "तुमच्या रानातला एखादा कोंबडा मेला, तर टाकू नकोस. मला आणून दे."

महिन्याभराने शुक्रा पिशवी घेऊन आला. "रानातला हाय, सायेब," एवढंच म्हणाला आणि पाणीही न पिता निघून गेला.

फ्रीजमध्ये ठेवायला सुमतीबाईंनी साफ नकार दिल्यामुळे काम त्याच दुपारी उरकावं लागलं. उदयसिंहांनी कातडी सोलली, कुजू नये म्हणून आतून टाकणखार चोळला, तारेचा सांगाडा करून कापूस ठासला आणि डोळ्यांच्या जागी तुटक्या माळेचे काळे मणी बसवले. मान जरा लांबली. कोंबडा कुकरच्या शिट्ट्या मोजत असल्यासारखा दिसायचा. पण उभा राहिला! सुमतीबाई तोंडाने "शी" म्हणाल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःच बाल्कनीत घेऊन जाऊ लागल्या.

त्यात एकदा शेजारची ऋचा आली. ती वकिलीचं शिकते. तिला कायदा कळतो, कोंबडा नाही.

"कुठून मिळाला, काका?"

"शुक्राने आणला. त्यांच्या रानातला."

ऋचाचा चेहरा उतरला. "काका, नेऱ्याकडे रान म्हणजे डोंगरावरचं जंगल. हा रानकोंबडा असेल तर तुम्ही दोघंही अडकाल."

उदयसिंह मूळचे साताऱ्याकडचे. तिकडे 'रानात जाऊन येतो' म्हटलं की माणूस शेतावर गेला. पनवेलमध्ये चाळीस वर्षं काढूनही त्यांचं रान साताऱ्यातच राहिलं होतं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मोबाइलवर रानकोंबड्याचे फोटो शोधून पाहिले, तर त्यांना सगळे कोंबडे सारखेच दिसले.

स्वतःची भीती होतीच, पण शुक्राची जास्त. आपल्याला निदान वकील मिळेल. त्याला आधी उचलतील आणि मग विचारतील. आपल्या एका शब्दापायी तो फासे घेऊन डोंगरात फिरला असेल, या विचाराने त्यांना दोन घास गिळवेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून नवराबायको नेऱ्याला पोचले. शुक्रा झोपडीच्या दारातच होता. यांना पाहताच त्याने हात जोडले. "सायेब, चूक झाली."

उदयसिंह पुढे सरसावले. "म्हणजे खरंच मारलास?"

"मारला नाय! तो रानातला नवताच. माज्या बायकोनं, शुक्रीनं पालला होता, घरचा. म्हातारा झाला नि मेला." शुक्रा खाली मान घालून बोलत होता. "तुमी रानातलाच मागितला. त्यो मारला तर फारेस्टवाले धरतात, आमी त्याच्या वाटंला जात नाय. पन तुमाला नाय कसं बोलायचं? म्हून खोटं बोललो."

उदयसिंहांचा जीव भांड्यात पडला. ते समोरच्या दगडावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सुमतीबाईंनी पदराने कपाळ पुसलं. "वाचवलंस रे बाबा," त्या म्हणाल्या. शुक्राला काहीच समजेना. खोटं बोलल्याबद्दल इतकं कौतुक त्याचं कुणी केलं नव्हतं.

"अरे, आमच्याकडे शेताला रान म्हणतात," उदयसिंहांनी समजावलं. "मी तुझ्या शेतातला कोंबडा मागत होतो."

आता शुक्रालाही हसू फुटलं. "पन सायेब, आमाला शेत कुठं हाय?"

उदयसिंहांचं हसू थांबलं. इतक्या दिवसांत हे आपण कधी विचारलंच नाही, याची त्यांना लाज वाटली. तरी हा माणूस आज स्वतःच्या दारात मोकळा उभा आहे, याचा आनंद त्या लाजेहून मोठा होता. "माझंच चुकलं रे," ते म्हणाले, आणि शुक्राचे दोन्ही हात धरले ते कितीतरी वेळ सोडलेच नाहीत.